शाल आणि विल

खोली सोडणारा भाडेकरू मोडका सोफा मुद्दाम मागे ठेवून जातो, तसे इंग्रज जाताना 'शॅल' आणि 'विल' हे दोन शब्द आपल्याकडे ठेवून गेले. तिकडे त्यांचं 'विल'वर उत्तम भागतं. 'शॅल' ते खिडकी उघडू का, निघू या का, एवढं विचारण्यापुरतं काढतात आणि लगेच ठेवून देतात. आपण मात्र तो सोफा पुसून, पॉलिश करून दिवाणखान्यात मांडला आणि त्याच्यावर कुणी बसलं की ओरडायला लागलो.

शाळेत आम्ही ते घोकलं होतं. आय शॅल, वी शॅल; बाकी सगळे विल. कुणी 'का?' असं विचारलं तर मास्तर म्हणायचे, "का म्हणजे? तर्खडकरांनी सांगितलंय." भाषांतर पाठमालेपुढे आमच्या घरातही कुणाचं काही चालत नसे, तेव्हा विषय तिथेच संपायचा. या ज्ञानाचा संसारात काडीचा उपयोग होत नाही, अशी माझी पुढे खात्री झाली. मग एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या झाकणासमोर एक लाल गाडी उभी राहू लागली.

गाडी तिथे असली की टँकरचा पाइप टाकीपर्यंत पोचायचा नाही. पाइप नाही म्हणजे पाणी नाही. गाडी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती आमच्या उपाध्यक्षांची होती. पण ठाऊक असलेल्या माणसाला तोंडावर काही बोलायचं नाही, न केलेल्या सगळ्यांना उद्देशून नोटीस लावायची, हे सहकारी गृहनिर्माणाचं पहिलं तत्त्व आहे. "कडक नोटीस लावा," अशी सूचना खुद्द उपाध्यक्षांनीच मांडली. "कुणाचाही मुलाहिजा ठेवू नका," असंही ते म्हणाले.

नोटीस इंग्रजीत असावी असं ठरलं, कारण इमारतीत तमिळ, गुजराती आणि बंगाली बिऱ्हाडं आहेत. गाडीचा मालक अस्सल मराठी आहे, हा मुद्दा कुणी काढला नाही. मजकुराचं काम माझ्यावर आलं. वार्षिक सभेला जो गैरहजर राहतो त्याला कमिटीवर घेतात, या नियमानं मी कमिटीवर आहे.

"तुम्ही लिहिता ना?" सेक्रेटरी म्हणाले.

"मराठीत."

"मग झालं तर. फक्त लिपी बदलायची."

मी लिहून नेलं : 'मेंबर्स विल नॉट पार्क देअर व्हेइकल्स निअर द वॉटर टँक.' सुटसुटीत आणि निरुपद्रवी वाक्य होतं. दोन मिनिटांत सह्या होतील आणि चहा येईल, अशी माझी अपेक्षा होती. चहा आला. सह्या मात्र राहिल्या, कारण कमिटीवर सर आहेत.

सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण असतं. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी करून गेले आणि पुढे 1924 मध्ये फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर 'बो जेस्त' ही तुफान खपलेली साहसकथा लिहून बसले. वाळवंटात तहानेनं तडफडणारी माणसं रंगवायचा सराव त्यांनी आमच्या शाळांतल्या मुलांवर केला असावा, असा मला दाट संशय आहे. सरांनी माझा कागद चष्म्याच्या वरून पाहिला, चष्म्यातून पाहिला आणि टेबलावर पालथा घातला.

"हे 'विल' कुणी लिहिलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"'मेंबर्स विल नॉट पार्क' म्हणजे मेंबर इथे गाडी लावणार नाहीत, असं भाकीत झालं. कुठल्या पंचांगात पाहिलंत? आपल्याला हुकूम द्यायचाय. तृतीय पुरुषी हुकमाला 'शॅल' लागतं."

"बरोबर," साहेब म्हणाले. साहेब मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. "शासनात 'शॅल'शिवाय पान हलत नाही."

"'शॅल' असूनही हलत नाही," वकीलताई म्हणाल्या.

तेवढ्यात सुभेदार उभे राहिले. ते बसल्याजागी बोलत नाहीत. "फौजेत असलं काही नव्हतं. 'यू विल रिपोर्ट ॲट फोर' असं आलं की पहाटे चारला हजर. तिथे 'विल' म्हणजे हुकूमच."

"फौजेत तुमच्या खांद्यावर बंदूक असते," सर म्हणाले. "इथे व्याकरणावर भागवायचंय."

पुढचा तास सरांनी घेतला. बेल नसल्यामुळे तो तासाहून मोठा झाला. त्यातून कळलं ते असं. ही सगळी भानगड जॉन वॉलिस नावाच्या गृहस्थानं 1653 मध्ये सुरू केली. परदेशी लोकांना इंग्रजी शिकता यावं म्हणून त्यानं इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि तेही लॅटिनमध्ये. त्यात नियम घालून दिला : 'मी' आणि 'आम्ही' यांच्यापुढे 'शॅल' आलं की नुसतं भविष्य आणि 'विल' आलं की वचन किंवा धमकी; 'तू', 'तो' आणि 'ते' यांच्यापुढे बरोबर उलटं. हा वॉलिस मुळात ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक. आडव्या आठाच्या आकाराचं अनंताचं चिन्ह गणितात आणलं तेही त्यानंच, 1655 मध्ये. आधी शॅल-विल काढलं आणि दोनच वर्षांनी अनंत. हा क्रम योगायोगाचा नसावा, असं मला आमची सभा पाहून वाटलं.

"नियम मोडला तर काय होतं सांगतो," सर म्हणाले. "एक परका माणूस नदीत पडला. त्याला म्हणायचं होतं, मी बुडणार, मला कुणी वाचवणार नाही. तो ओरडला, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' म्हणजे मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवलं तर! काठावरचे इंग्रज सभ्य. त्यांनी टोप्या काढल्या आणि त्याला बुडू दिलं."

"पोहायला शिकला असता तर?" सुभेदारांनी विचारलं.

सरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी फाउलर बंधूंचं पुस्तक उघडलं. 1906 चं. त्यात या दोन शब्दांवर वीसेक पानं खर्ची पडली आहेत आणि सुरुवातीलाच सांगून टाकलंय की, हे ज्ञान दक्षिण इंग्लंडमधल्या माणसाला जन्मतःच असतं, इतरांना ते येणं कठीण. म्हणजे वीस पानं कुणासाठी लिहिली ते समजत नाही. ज्याला येतं त्याला नकोत आणि ज्याला हवीत त्याला येणार नाही.

"दक्षिणेचाच हवा असेल तर मी गडहिंग्लजचा आहे," सुभेदार म्हणाले. "याच्याखाली आणखी किती दक्षिण पाहिजे?"

मी हळूच म्हटलं की, चर्चिलनं 4 जून 1940 च्या भाषणात 'वी शॅल फाइट' असं म्हटलं होतं. सरांच्या नियमाप्रमाणे तो नुसता भविष्यकाळ झाला; आम्ही लढू, जसा उद्या बुधवार असेल. तरी सगळ्या जगाला तो निर्धार वाटला. अमेरिकन सेनापती मॅकआर्थर 1942 मध्ये फिलिपाइन्स सोडल्यावर 'आय शॅल रिटर्न' असं म्हणाला आणि 1944 मध्ये खरंच परत गेला.

"चर्चिल युद्ध जिंकला," सर म्हणाले. "जिंकलेल्या माणसाचं व्याकरण तपासत नाहीत. तुम्ही आधी काहीतरी जिंका."

मी गप्प बसलो. जिंकण्यासारखं जवळपास काही दिसत नव्हतं.

आता वकीलताईंनी सूत्रं हातात घेतली. "'शॅल' घातलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात 'शॅल' आहे. इंडिया, म्हणजेच भारत, राज्यांचा संघ असेल. तिथे ते पक्कं. पण अनुच्छेद 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबद्दलही 'शॅल'च आहे. 1957 मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, ते 'शॅल' बंधनकारक नाही. सल्ला घ्यायचा राहिला म्हणून सरकारची कारवाई रद्द होत नाही."

"म्हणजे 'शॅल' म्हणजे घ्यावा, पण नाही घेतला तरी चालेल?" साहेबांचा चेहरा उजळला. सगळी नोकरी त्यांनी याच अर्थानं केली होती. आज त्याला आधार मिळाला.

"तसं नाही. कायद्याचा हेतू आणि संदर्भ पाहायचा असतो."

"तो कुणी पाहायचा?"

"वकिलानं. फी घेऊन."

ताईंनी पुढे असंही सांगितलं की, अमेरिकेनं या कटकटीला कंटाळून आपल्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी नियमांतून 2007 मध्ये 'शॅल' काढूनच टाकलं आणि जिथे सक्ती हवी तिथे 'मस्ट' घातलं. मला हे एकदम पटलं. 'मस्ट' घाला आणि घरी चला, असं मी सुचवलं. सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी मंगलाष्टकांच्या जागी डीजे लावा असं म्हटलं होतं.

"मग आयचं 'आय'ल' होतं तसं करू," सेक्रेटरी म्हणाले. "त्यात 'शॅल' का 'विल' ते देवालाही कळत नाही. 'मेंबर्स'ल नॉट पार्क' लिहू."

सरांनी पाणी मागितलं.

या वेळी मला वातावरण हलकं करावंसं वाटलं आणि मी पॅरिसची गोष्ट सांगितली. ती सांगायला नको होती, असं आमच्या घरात अजून म्हणतात. 2015 च्या डिसेंबरात जवळपास दोनशे देश हवामान करारासाठी पॅरिसला जमले होते. सगळं ठरलं, मसुदा छापून झाला, आणि शेवटच्या बैठकीआधी अमेरिकेच्या लक्षात आलं की, श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घ्यावा, या वाक्यात 'शुड'च्या जागी 'शॅल' पडलंय. 'शॅल' म्हणजे बंधन, बंधन म्हणजे त्यांच्या सिनेटची मंजुरी, आणि सिनेटची मंजुरी म्हणजे करार खलास. पृथ्वी तापत राहिली, देश ताटकळत राहिले. अखेर 12 तारखेला संध्याकाळी ती छपाईतली चूक म्हणून किरकोळ दुरुस्त्यांच्या यादीत वाचून दाखवली गेली. स्वल्पविराम वगैरेंच्या सोबतीनं. मग फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री फाब्यूस यांनी हिरवी हातोडी आपटली आणि टाळ्या झाल्या.

"'शुड'!" इतका वेळ गप्प असलेले उपाध्यक्ष म्हणाले. "हा किती सुंदर शब्द आहे. 'मेंबर्स शुड नॉट पार्क.' कुणाचं मनही दुखावत नाही. आणि अमेरिकाही आपल्या बाजूला."

मतदान झालं. एक मत 'शॅल'ला जास्त पडलं. सेक्रेटरींनी निर्णय कमिटीच्या ग्रुपवर टाकला. ते फोनला बोलून सांगतात आणि फोन त्याला वाटेल ते लिहितो. संदेश गेला : 'शाल फायनल. विल रद्द.'

खजिनदार त्या सभेला नव्हते. त्यांनी संदेश वाचला आणि दुसऱ्याच दिवशी शाल आणि नारळ घेऊन आले.

"सत्कार कुणाचा आहे ते विचारायचं तरी," सेक्रेटरी म्हणाले.

"आधी शाल आणावी लागते," खजिनदार म्हणाले. "माणूस नंतर सापडतो. महाराष्ट्रात कधी अडलंय का?"

शाल आली तशी 'विल रद्द'ची बातमीही जिन्यानं वर गेली. पहिल्या मजल्यावर विचारणा झाली, "कुणाचं विल?" दुसऱ्यावर उत्तर मिळालं, "अहो, कुणाचं असणार? अप्पांचं." अप्पा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. अविवाहित, पेन्शनर, फ्लॅट स्वतःच्या नावावर. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तर खाली येऊन मलाच गाठलं.

"अप्पांनी विल रद्द केलं म्हणे?"

"आजी, ते विल नाही. ते इंग्रजी क्रियापद आहे."

"असं म्हणतात सगळे. शेवटी कोर्टात जातंच."

आजींची भाची अप्पांच्या पुतण्याच्या साडूकडे दिलेली आहे. त्यामुळे रविवारी सकाळी नाशिकचा पुतण्या द्राक्षांची पेटी घेऊन हजर झाला. दुपारी जळगावची भाची केळ्याचे वेफर्स घेऊन आली. न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला आणि अप्पांना त्यांचा नातू म्हणवणारा एक दाढीवाला तरुण प्रथमच दिसला. पुतण्यानं अप्पांचे पाय चेपले. भाचीनं फ्रिज साफ केला आणि साफ करताना कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात तेही विचारून घेतलं.

मी वर जाऊन अप्पांना खरा प्रकार सांगितला. म्हटलं, गैरसमज दूर करतो, सगळ्यांना एकत्र बसवून शॅल-विलचा फरक समजावतो. अप्पांनी दार हळूच लोटून घेतलं.

"वेडेपणा करू नकोस. चाललंय ते चालू दे. आणि त्या सरांना म्हणावं, एवढ्यात निकाल लावू नका. रत्नागिरीचा अजून यायचाय. हापूसचे दिवस आहेत."

घरी माझी वेगळीच परीक्षा सुरू होती. वॉलिसचा नियम मी जेवताना बायकोला सांगितला होता. माहिती मिळाली की ती वाटून टाकावी, असा माझा स्वभाव आहे. तिनं तो नियम शांतपणे ऐकला आणि वापरात आणला.

"माळा आवरणार होतात."

"आवरीन."

"हे कुठलं? 'मी'च्या पुढे 'शॅल' म्हणजे नुसतं भविष्य, आणि 'विल' म्हणजे वचन. ना?"

"हो."

"मग गेल्या दिवाळीपासून तुमचं सगळं शॅलमध्येच चाललंय. माळा शॅल, गळका नळ शॅल, माझ्या आईला अक्कलकोटला नेणं तर पक्कं शॅल. लग्नात मात्र सप्तपदीला सगळं विल होतं."

"लग्न मराठीत झालं होतं," मी म्हटलं.

"संस्कृतात झालं होतं. तेव्हाही तुम्हाला काही कळत नव्हतं."

इकडे कमिटीत 'शॅल'वाल्यांचा विजय फार टिकला नाही. 'विल'वाल्यांनी पोटनियमांचा आधार घेऊन फेरविचाराची मागणी केली. सुभेदारांनी इतिवृत्तावर सही करायचं नाकारलं. सरांनी राजीनामा लिहिला. त्यात 'आय शॅल रिझाइन' होतं. ही नुसती माहिती आहे, निर्धार नाही, असं वकीलताईंनी दाखवून दिलं आणि कमिटीनं तो दाखल करून घेतला नाही. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. दोन्ही शब्द गाळून 'मेंबर्स आर काइंडली रिक्वेस्टेड' असं लिहायचं. हे वाक्य कुणी कुणाला उद्देशून केलंय ते कळत नाही, ते पाळलं नाही तर काय होईल तेही त्यात नसतं, त्यामुळे ते सर्वांना आवडलं. नोटीस छापायला टाकली. ती छापून आली त्या दिवशी मृग लागला, धो धो पाऊस पडला, टँकर बंद झाले आणि नोटीस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तहकूब झाली.

प्रश्न राहिला शालीचा. ती आणलेली होती, परत घेत नव्हते, आणि नारळाला वास यायला लागला होता. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सत्कार करायचं ठरलं. माणूस शोधायला वेळ लागला नाही. पार्किंगला शिस्त लागावी म्हणून कडक नोटिशीची सूचना सर्वप्रथम मांडल्याबद्दल उपाध्यक्षांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. ते भारावून गेले. "नियम सर्वांना सारखे असतात," असं ते भाषणात म्हणाले आणि शाल सांभाळत गाडीकडे गेले.

हे इथे थांबलं असतं. पण वर्षअखेरीला हिशेब तपासायला ऑडिटर आले. त्यांना शालीची पावती सापडली. पार्किंग नोटीस या सदराखाली शाल आणि नारळ कसा, अशी त्यांना शंका आली. त्यांच्या अहवालात सरळ वाक्य होतं : 'द सोसायटी शॅल एक्सप्लेन द एक्स्पेंडिचर ऑन शॉल.'

"बघा!" सर म्हणाले. "'शॅल'! तृतीय पुरुष, हुकूम!"

"घ्या आता उत्तर," सेक्रेटरी कपाळाला हात लावून म्हणाले. "आपण 'वी शॅल एक्सप्लेन' म्हणायचं का 'वी विल'?"

"'वी'च्या पुढे 'शॅल' म्हणजे नुसतं भविष्य," सर सुरू झाले. "'विल' म्हटलं तर वचन होतं—"

"वचन नको," सगळे एकदम म्हणाले.

सुभेदार उभे राहू लागले होते. वकीलताईंनी पर्समधून चष्मा काढला. मी माझी पिशवी उचलली आणि दाराच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. आयुष्यभराचं पुण्य त्यांच्या चेहऱ्यावर उतरलं होतं.

"उत्तर मराठीत द्या," ते म्हणाले. "लिहा : सदर खर्चाबाबतचा खुलासा यथावकाश सादर करण्यात येईल."

खोलीत समाधान पसरलं. सरांना त्यात खोट दिसेना, सुभेदार खाली बसले, उपाध्यक्षांनी अनुमोदन दिलं. चहा यायच्या आत ठराव एकमतानं मंजूर झाला.

"पण खुलासा करणार कोण?" मी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "अहो, तुम्ही एवढे लेखक. 'करण्यात येईल' या वाक्यात कर्ता कधी पाहिलाय का?"